चौऱ्याण्णववर अडलेलं वायफाय

तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, नेटवाल्याने घरात फायबर आणून दिलीय, आणि स्पीड टेस्ट लावली की काटा ९४ वर जाऊन थांबतो. सकाळी ९४, रात्री ९४, राउटरच्या शेजारी उभं राहून ९४ आणि स्वयंपाकघरातूनही ९३-९४. असा आकडा आला की भिंतींवर किंवा शेजाऱ्यांवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. हवेतून येणारा वेग असा एका आकड्याला चिकटून बसत नाही, तो सतत खाली-वर होत असतो. एका जागी खिळलेला आकडा दिसला की समजावं, वाटेतली एखादी केबल किंवा पोर्ट शंभर एमबीपीएसवर चाललंय. शंभरच्या पोर्टमधून ९४-९५च हाती लागतात. इथरनेटवर मोठ्यात मोठं नेहमीचं पॅकेट १५३८ बाइटची जागा घेतं आणि त्यातले १४६० बाइट आपल्या कामाचे असतात. उरलेली जागा पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पॅकेटांमधलं सक्तीचं अंतर खातं.

फायबरची डबी म्हणजे ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील, तर त्यांना जोडणारी छोटी केबल काढून उजेडात धरावी. टोकाच्या पारदर्शक प्लगमधून आठ तारा दिसतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार. शंभर एमबीपीएससाठी यातल्या चारच तारा लागतात, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. एक गिगाबिटसाठी मात्र आठही तारा शाबूत लागतात. निळी किंवा तपकिरी तार प्लगच्या टोकापर्यंत पोचलेली नसेल, किंवा टीव्ही युनिटच्या दारात चेमटून तुटली असेल, तर दोन्ही यंत्रं आपसात ठरवून मुकाट्याने शंभरवर येतात. लाल दिवा लागत नाही, कुठे सूचना येत नाही, नेट चालू राहतं. फक्त तीनशेतले दोनशे गायब होतात, आणि लोक वर्षानुवर्षं प्लॅन वाढवत राहतात. कॅट-५ई किंवा कॅट-६ची तयार पॅच केबल लावली की प्रश्न मिटतो, फक्त राउटरचं पोर्ट गिगाबिटचं हवं.

ते नसतंही. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘एसी १२००’ लिहिलेले कित्येक स्वस्त राउटर मागच्या बाजूला शंभरची पोर्टं घेऊन येतात. हे १२०० कुठून आले? २.४ गीगाहर्ट्झवरचे कागदावरचे ३०० आणि ५ गीगाहर्ट्झवरचे कागदावरचे ८६७ यांची बेरीज ११६७, ती पुढच्या शंभराला पोचवली. फोन सहसा एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर असतो आणि कागदी वेगाचा अर्धा ते दोन-तृतीयांश भागच प्रत्यक्षात मिळतो, तेव्हा ही बेरीज कोणाच्याच वाट्याला येत नाही. मागचं पोर्ट शंभरचं असेल तर इंटरनेटच्या बाबतीत हा बाराशेवाला राउटर चौऱ्याण्णवचाच. राउटर घेताना पुढचे अँटेने मोजण्याऐवजी मागे ‘गिगाबिट’ लिहिलंय का ते पाहावं.

असे बोलके आकडे आणखीही आहेत. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमध्ये जाऊन जोडलेल्या वायफायच्या नावावर टॅप केलं की ‘लिंक स्पीड’ दिसते. विंडोजच्या लॅपटॉपवर ती वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये सापडते. हा फोन आणि राउटर यांच्यामधला वेग. बाहेरच्या इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. तिथे ७२ किंवा ६५ असेल तर फोन २.४ गीगाहर्ट्झवर एकाच अँटेन्याने बोलतोय, आणि डोक्यावर उभं राहिलं तरी चाळीस-पन्नासच्या वर काही मिळणार नाही. ४३३ असेल तर ५ गीगाहर्ट्झवर एक अँटेना, ८६६ असेल तर दोन. आणि नवा लॅपटॉप ५४ दाखवत असेल तर राउटरची सुरक्षा-सेटिंग पाहायला हवी. तिथे बहुधा जुनं ‘टीकेआयपी’ किंवा त्याहून जुनं ‘डब्ल्यूईपी’ निघतं. २००९ साली आलेल्या ८०२.११एन या मानकाने या जुन्या कुलुपांसोबत नवे वेग द्यायला मनाई केली. म्हणून ते कुलूप ठेवलं की सगळी यंत्रं २००३च्या काळातल्या ५४ वर येतात. सेटिंग बदलून ‘डब्ल्यूपीए२-एईएस’ केलं की झालं.

एक खुलासा इथेच. प्लॅनमधलं एमबीपीएस हे मेगाबिटचं असतं आणि डाउनलोड होताना दिसणारा आकडा बहुतेकदा मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. शंभरच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइटने उतरत असेल तर कोणी कोणाला फसवलेलं नाही.

आता खरी कसोटी. ‘नेट स्लो आहे’ या एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात: घरापर्यंत येणारी लाइन, आणि राउटरपासून आपल्या हातापर्यंतचे वीस-पंचवीस फूट. त्या वेगळ्या केल्याशिवाय केलेला खर्च बहुतेकदा वाया जातो. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करावं आणि टेस्ट घ्यावी. मग केबल काढून त्याच खोलीत, मग आतल्या खोलीत. केबलवर पूर्ण वेग मिळतोय आणि बेडरूममध्ये वीस येतोय, तर कस्टमर केअरला फोन लावून उपयोग नाही. लॅपटॉपला केबलचं पोर्टच नसेल तर दुसरी युक्ती आहे. राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला, पिंग करावं. घरातल्या घरात जाऊन येणारा हा निरोप काही मिलिसेकंदांत परतायला हवा. तो कधी ३, कधी २५०, कधी गायब असा येत असेल तर बिघाड घरातल्या हवेत आहे. इंटरनेटपर्यंत तो निरोप गेलेलाच नाही.

आणि हवेतला बिघाड म्हणजे ‘रेंज कमी’ एवढंच आपण धरून चालतो. माझ्या मते शहरातल्या फ्लॅटमध्ये त्याहून मोठा भाग गर्दीचा असतो.

वायफायच्या एका चॅनेलवर एका क्षणी एकानेच बोलायचं असतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत एकच माइक असावा तसं. बोलण्याआधी ऐकायचं, कोणी बोलत असेल तर गप्प बसायचं, तो थांबला की आपापल्या मनाने थोडा वेळ मोजून मग तोंड उघडायचं, आणि दोघं एकदम बोलले तर दोघांनी पुन्हा थांबायचं. याचं मूळ १९७१ साली नॉर्मन अॅब्रॅमसन यांनी हवाई विद्यापीठात सुरू केलेल्या अलोहानेटमध्ये आहे. बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने एका संगणकाशी जोडताना त्यांनी प्रत्येकाला ठरावीक वेळ वाटून देण्याऐवजी ‘बोलून बघा, धडक झाली तर थांबून पुन्हा बोला’ अशी मुभा दिली. आधी ऐकण्याची शिस्त नंतर आली. पद्धत साधी, स्वस्त आणि टिकाऊ निघाली, पण तिच्यात एक खोच आहे. पाळी मोजली जाते, पाळीला लागलेला वेळ मोजला जात नाही. २००३ साली ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ११ एमबीपीएसने बोलणाऱ्या यंत्रांमध्ये १ एमबीपीएसने बोलणारं एकच यंत्र आलं, तर वेगवान यंत्रांचाही प्रत्यक्ष वेग त्या संथ यंत्राच्या पातळीला उतरतो. प्रत्येकाला एकेक पॅकेटची पाळी मिळते, पण संथ यंत्र आपल्या पाळीत अकरापट वेळ माइक धरून बसतं. आज आकडे मोठे झाले आणि नव्या राउटरांत वेळेच्या हिशेबाने वाटणी करायची सोयही आली, तरी घरोघरी हा प्रकार दिसतो. गॅलरीत टोकाला लावलेला कॅमेरा कशीबशी रेंज पकडून संथ बोलत राहतो आणि हॉलमधला टीव्ही गोल गोल फिरतो.

याच माइकवर शेजारीही आहेत. प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा ‘मी इथे आहे, माझं नाव अमुक’ अशी घोषणा करतो. ती जुन्यात जुन्या यंत्रालाही कळावी म्हणून २.४ गीगाहर्ट्झवर ती बहुधा १ एमबीपीएसने, म्हणजे सर्वांत संथ वेगाने केली जाते. अडीचशे-तीनशे बाइटची ही घोषणा दोन मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते. म्हणजे एका राउटरमागे दोन टक्क्यांहून जास्त वेळ गेला. दाट वस्तीतल्या इमारतीत फोन उघडला की तीस-चाळीस नावं दिसतात. त्यातली पंधरा आपल्याच चॅनेलवर असली, तर कोणी एक व्हिडिओसुद्धा लावायच्या आधी तीसेक टक्के वेळ नुसती हजेरी देण्यात संपलेला असतो. पाहुण्यांसाठी वेगळं, मुलांसाठी वेगळं, टीव्हीसाठी वेगळं अशी एकाच राउटरवर चार नावं तयार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. प्रत्येक नावाची घोषणा स्वतंत्र होते.

२.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल दिसतात, पण हे तेरा वेगळे चॅनेल नाहीत. आकडे पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि एका जोडणीला वीस लागतात. एकमेकांवर न चढणारे म्हणून सर्रास तीनच वापरले जातात: १, ६ आणि ११. पुष्कळ हौशी माणसं अॅपमध्ये आलेख बघून, एक आणि सहाच्या मधला ३ किंवा ४ रिकामा दिसतोय म्हणून तो निवडतात. ही निवड सहसा अंगाशी येते. त्याच चॅनेलवरचा शेजारी निदान आपलं बोलणं ऐकून थांबतो. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरच्याला ते शब्द म्हणून कळतच नाहीत, त्याच्या लेखी ती नुसती घरघर. मग दोघंही एकमेकांवर ओरडत राहतात. तेव्हा १, ६, ११ यांतला सर्वांत कमी गर्दीचा घ्यावा आणि चॅनेलची रुंदी ‘४० मेगाहर्ट्झ’वरून २० वर आणावी. रुंदी दुप्पट केली की वेग दुप्पट होईल ही आशा जंगलातल्या बंगल्यात खरी ठरते, चाळीत नाही.

त्यापेक्षा जी यंत्रं जाऊ शकतात ती ५ गीगाहर्ट्झवर न्यावीत. हा पट्टा कितीतरी रुंद आहे, आणि २०१८ साली भारतात त्याचा मोठा भाग विनापरवाना वापराला खुला झाला. तिथेही बरेच राउटर आळसाने ३६ क्रमांकावरच बसतात, तेव्हा १४९ रिकामा आहे का हे बघायला हरकत नाही. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर फोन स्वतःच्या मर्जीने निवड करतो आणि बऱ्याचदा २.४लाच चिकटतो. तपासणीपुरती दोन वेगळी नावं दिली की कोण कुठे बसलंय ते लगेच कळतं.

राउटर बंद करून चालू केला की नेट ‘सुटतं’ हा सर्वांचा अनुभव आहे, आणि त्यात जादू नाही. चॅनेल ‘ऑटो’वर असलेले पुष्कळ राउटर फक्त चालू होताना आजूबाजूला ऐकून चॅनेल निवडतात. दुपारी तीनला चालू केलेल्या राउटरला दुपारची शांतता ऐकू येते. रात्री नऊला सगळी इमारत ओटीटीवर बसली की तो त्याच जागी अडकलेला असतो. रीस्टार्ट करायचाच तर रात्री करावा.

गर्दीनंतर भिंती. इथे हिशेब डेसिबलमध्ये चालतो. फोनवरचं अॅप राउटरजवळ उणे ४५ दाखवतं, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतात, उणे ८० ला जोडणी नुसती नावापुरती उरते. दहा डेसिबल घटले की ताकद दहा पटींनी घटते. म्हणजे उणे ५० वरून उणे ८० वर जाताना हातात हजारावा भाग उरतो. काँक्रीटची एक भिंत सहज दहा डेसिबल खाते, आणि ५ गीगाहर्ट्झच्या लहरी त्याहून जास्त गमावतात. कोकणातल्या घरांच्या जांभ्या दगडाच्या रुंद भिंती, पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती, लोखंडी कपाट, आरसे लावलेला वॉर्डरोब, पोटमाळ्यावरची पाण्याची टाकी, यांतलं काहीही राउटर आणि आपल्यामध्ये आलं की फरक पडतो. आणि आपण राउटर ठेवतो कुठे? फायबर जिथून आत शिरली तिथे, म्हणजे घराच्या एका कोपऱ्यात, टीव्हीच्या पाठीमागे, किंवा दिसू नये म्हणून चपलांच्या कपाटात. अर्धी ताकद बाहेरच्या रस्त्याला. राउटर घराच्या मध्याकडे, उघड्यावर, छातीच्या उंचीला किंवा वर आणला तर एक पैसा न खर्चता जेवढा फरक पडतो तेवढा नव्या महागड्या राउटरनेही कधी कधी पडत नाही. अँटेने उभे ठेवावेत. त्यांच्यातून लहरी बाजूंना जातात, टोकाच्या दिशेला सर्वांत कमी, त्यामुळे बेडरूमकडे टोक रोखून काही साधत नाही.

सेटिंगमध्ये ‘ट्रान्समिट पॉवर’ वाढवण्याचा मोह होतो. राउटर जोरात बोलला तरी फोनने दिलेलं उत्तर त्याला ऐकू यायला हवं, आणि फोनची ताकद छोट्या बॅटरीवर चालते. म्हणून कांड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही.

किरकोळ उपद्रवींमध्ये मायक्रोवेव्ह आहे. तो २.४५ गीगाहर्ट्झच्या आसपास सात-आठशे वॉटने काम करतो, राउटर सुमारे एक-दशांश वॉटने. दारातून झिरपणारी, प्रकृतीला निरुपद्रवी अशी मात्रासुद्धा शेजारच्या वायफायला पुरून उरते. दुसरा, कमी माहीत असलेला उपद्रवी म्हणजे यूएसबी ३ची हार्ड डिस्क. तिच्या केबलमधून २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यातच रेडिओ-कचरा बाहेर पडतो, हे इंटेलनेच २०१२ साली एका टिपणात मांडलं. राउटरला किंवा लॅपटॉपला ती चिकटून ठेवलेली असेल तर थोडी दूर सरकवावी.

कधी कधी स्पीड टेस्ट पूर्ण वेग दाखवते आणि तरी मीटिंगमधला माणूस थिजून राहतो. अशा वेळी घरात कोण काय वर चढवतंय ते पाहावं: लग्नाचे फोटो क्लाउडवर जाताहेत का, कॅमेरा सतत फूटेज पाठवतोय का. राउटरमध्ये पॅकेटांना थांबायला जागा असते. ती अवाढव्य ठेवली की अपलोडची मोठी रांग साचते आणि आपल्या आवाजाचं इवलंसं पॅकेट तिच्या शेपटाला लागतं. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास आपल्या घरच्या जोडणीवर हा प्रकार तपासला आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव मिळालं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर ‘कोडेल’ ही रीत सुचवली: रांगेची लांबी बघण्याऐवजी पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघायचं आणि फार झालं की काही पॅकेटं टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा आपोआप दमाने घेतो. राउटरमध्ये अशी रांग आवरणारा ‘एसक्यूएम’ हा पर्याय असेल तर तो चालू करावा. नसेल तर अपलोडची मर्यादा प्लॅनच्या नव्वद टक्क्यांवर बांधली तरी मीटिंग सुरळीत होते.

हे सगळं करून आतली खोली कोरडीच राहिली, तर दुकानदार एक्स्टेंडर पुढे करतो. एकाच रेडिओचा एक्स्टेंडर प्रत्येक पॅकेट आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो. एक पॅकेट हवेत दोनदा, म्हणून वेग निम्मा. त्यात आपण तो ठेवतो जिथे रेंज नाही तिथेच, म्हणजे त्यालाही नीट ऐकू येत नाही. ठेवायचाच तर निम्म्या अंतरावर ठेवावा.

त्याऐवजी माळ्यावर पडलेला जुना राउटर काढावा आणि एक लांब केबल आणावी. जुन्या राउटरमधलं ‘डीएचसीपी’ बंद करायचं, नाहीतर घरात दोघं पत्ते वाटत बसतात. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ सारखा, मुख्य राउटरच्या मालिकेतलाच पण कोणाला वाटला न जाणारा ठेवायचा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच द्यायचा, चॅनेल मात्र वेगळा. मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल ओढून याच्याही लॅन पोर्टमध्ये खोचायची. वेगळ्या रंगाचं ‘वॅन’ पोर्ट मोकळंच सोडायचं. झाला अॅक्सेस पॉइंट. पोर्ट शंभरचं असलं तरी बेडरूममध्ये वीसच्या जागी नव्वद येतात. केबल कुठून न्यायची हा प्रश्न उरतो. टीव्हीच्या जुन्या केबलची नळी भिंतीतून गेलेली असेल तर तिच्यातून, नाहीतर दाराच्या चौकटीच्या कडेने चपटी केबल जाते. घरच्यांना ती दिसेल आणि कोणीतरी बोलेलच.

उरली ती लाइन. केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरही वेग पडत असेल तर आधी महिन्याचा एफयूपी, म्हणजे पूर्ण वेगाने वापरायच्या डेटाचा कोटा, संपलाय का ते पाहावं. फक्त रात्री आठ ते अकरा पडत असेल तर वाटणीचा मामला आहे. घरगुती फायबरच्या जीपीओएन पद्धतीत एका फायबरवर सुमारे अडीच गिगाबिट उतरतात आणि ते बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जाऊ शकतात. दिवसभरच पडत असेल तर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघावी. ती साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असायला हवी. उणे २८-२९ दिसत असेल, तर फर्निचर सरकवताना कपाटामागे फायबर घट्ट दुमडली गेली असेल किंवा जोडाच्या तोंडाशी धूळ बसली असेल. फायबर आपल्या हाताने ओढू नये. दुपारच्या आणि रात्रीच्या टेस्टचे वेळेसकट स्क्रीनशॉट आणि हा उणेचा आकडा तक्रारीत लिहावा, आणि येणाऱ्या माणसाला पॉवर मीटर घेऊनच यायला सांगावं.